इन्सुरेक्तोंना इंग्रजीत काय म्हणायचं

सान ओनोफ्रे, ७ फेब्रुवारी १९८२

बेतो,

खुशाली विचारत बसत नाही. चार वर्षांत तुझी एक ओळ नाही, त्याचं भांडण नंतर कधीतरी काढीन. आज माझ्या अंगात भांडायचंही बळ नाही.

आपला ओविदियो तुमच्या बाजूला आलाय. बेनकेजवळ नदी ओलांडताना तुमच्या पोलिसांनी त्याला धरलं आणि तुरुंगात टाकलं. हे मला तोमासाने सांगितलं. ती महिन्यातून दोन-तीनदा चीज विकायला सीमेपलीकडे जाते. हे पत्रही तीच आणतेय, चीजच्या फडक्याखाली. टपालावर माझा भरवसा नाही, आणि तूही ठेवू नकोस.

झालं असं. डिसेंबरात तंबाखूच्या वखारीतले दोन हमाल नाहीसे झाले. ओविदियो शाळामास्तर आणि आपल्या पक्षाचा गावातला चिटणीस. त्याने पक्षाच्या कागदावर, पक्षाच्या शिक्क्यानिशी लष्कराच्या ठाण्याला अर्ज केला की आमची माणसं कुठे आहेत ते सांगा. मी म्हटलं, "अरे, हात दाखवून अवलक्षण कशाला?" तर म्हणतो, "आई, विचारलंच तर आहे." पंधरा दिवसांनी औषधाच्या दुकानाच्या दारावर यादी ठोकलेली. पाच नावं. ओविदियोचं तिसरं. पहिली दोघं आता मातीखाली आहेत.

मी त्याचं पक्षाचं कार्ड, बारशाची चिठ्ठी, सगळं चुलीत घातलं आणि त्याला तंबाखूच्या ट्रकमध्ये बसवून दिलं.

तू तिथे कोर्टात तीस वर्षं आपल्या भाषेचं इंग्रजी करतोस ना? मग याचंही कर. तो परत आला तर पुलावरूनच त्याला उचलतील. मला दुसरं मूल नाही, बेतो. तुला ठाऊक आहे.

हेर्लिंदा


बेलीझ, २१ फेब्रुवारी

प्रिय लिंदाताई,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी तुरुंगात गेलो. पोरगा वाळलाय, पण धड आहे. तुझे डोळे, आणि दुर्दैवाने तुझीच जीभ.

आता कामाचं. आसरा मागणाऱ्यांचे अर्ज तपासायला इथे एक समिती आहे. अध्यक्ष मिसेस लिझमोर म्हणून एक बाई आहेत, सरळ पण कडक. प्रत्येक कागद इंग्रजीत लागतो आणि भाषांतर शपथेवर करावं लागतं. ओविदियोने आपली हकीकत लिहून दिली, ती मी आठवडाभर बसून इंग्रजीत केली. स्वतःचं कौतुक करू नये, पण इतकी स्वच्छ प्रत त्या कचेरीत क्वचितच गेली असेल.

एका गोष्टीवरून आमचं वाजलं. तो म्हणाला, "मामा, पक्षाचं नाव इंग्रजीत करू नका. पार्तीदो इन्सुरेक्तो आहे तसंच राहू द्या."

मी म्हटलं, "बाळा, तीस वर्षांत मी एकही शब्द अर्धा कच्चा सोडलेला नाही. वाचणाऱ्याला नाव कळलं नाही की त्याला वाटतं आपण काही लपवतोय."

"आणि कळलं तर काय वाटेल?"

"जे आहे ते वाटेल."

त्यावर महाराज काय म्हणाले ठाऊक आहे? "मामा, तुम्हाला इथे कुणी ॲल्बर्ट म्हणतं का? नाही ना? मग नावाला नाव राहू द्या." आजकालची पोरं! मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि नियमाप्रमाणे केलं. इन्सुरेक्तो म्हणजे बंडखोर, त्याला इंग्रजीत इन्सर्जंट. अगदी चोख.

काळजी करू नकोस. महिन्याभरात निकाल लागेल.

तुझा,
अडाल्बेर्तो


सान ओनोफ्रे, ९ मार्च

बेतो,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा दोन घास पोटात गेले. देव तुझं भलं करो.

परवा पक्षाचा दिवस झाला. म्हणजे झालाच नाही. दरवर्षी आपले म्हातारे टोपीला पिवळी फीत लावून चौकात येतात, बँडवाले तीच एक धून चुकत वाजवतात, शंभर वर्षांपूर्वी तंबाखूच्या करावरून आपल्या खापरपणजोबांनी कसं बंड केलं त्याचं भाषण होतं, आणि मग मक्याचे तमाले खाऊन सगळे घरी. त्या बंडात मेलं कोण, तर एक खेचर! नाव मोठं, लक्षण खोटं, असं बाबाच म्हणायचे. या वर्षी चौकात कुत्रंसुद्धा नव्हतं. लोकांनी फिती जाळल्या. कासिमिरोंनी बँडचा ढोल विहिरीत टाकला. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, अख्खा जन्म पक्षाची वही सांभाळण्यात गेला, आणि ढोल बुडेना म्हणून वरून दगड मारत होता.

सैनिकांना म्हणे यादी पुरी करायची आहे. पण गावातलं कोण इन्सुरेक्तो नाही? बारशाला पाद्री पोराच्या डोक्यावर पाणी घालतो, की लगेच देवळाच्या दारात पक्षवाले मनगटाला फीत बांधतात, शिक्क्याची चिठ्ठी देतात आणि वहीत नाव चढवतात. ओविदियो दहा दिवसांचा होता. तू नऊ दिवसांचा. आई सांगायची, तू फीत तोंडात घातलीस म्हणून.

ओविदियोला इस्त्रीचा सदरा आणि गोड चीजपाव पाठवलाय. पाव तू खाऊ नकोस. निकाल लागला की लगेच कळव.

लिंदा


बेलीझ, २४ मार्च

प्रिय ताई,

निकाल लागला. अर्ज फेटाळला.

पण ऐक, घाबरून जाऊ नकोस. २२ एप्रिलला फेरसुनावणी आहे. कागद कमी पडले, एवढीच अडचण. त्यांना आपल्या पक्षाबद्दल पुरावा हवाय. ओविदियोने सांगितलं की आमच्याकडे तान्ह्या पोरांची नावंसुद्धा पक्षात घालतात. समितीतला एकजण म्हणाला, "गोष्ट छान आहे, पण कागद दाखवा." त्याचं कार्ड आणि चिठ्ठी तू जाळलीस. तेव्हा उरली ती कासिमिरोंची वही. जिथे ओविदियोचं नाव चढवलंय ते पान, मूळ पान, मिळायला हवं. नक्कल चालणार नाही.

फेरसुनावणीतही नाही झालं, तर दोन दिवसांत त्याला पुलावर नेऊन पलीकडच्या सैनिकांच्या ताब्यात देतील. हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

वही मिळव, ताई. कसंही कर.

अडाल्बेर्तो


सान ओनोफ्रे, ३ एप्रिल

बेतो,

पान पाठवतेय. पण आधी हे वाच, मग पान उघड.

कासिमिरोंकडे गेले तर ते दारच उघडेनात. मी म्हटलं, "कासिमिरो, मी काही सैनिकांना घेऊन आलेली नाही. पोराचा जीव मागायला आलेय." तेव्हा आत घेतलं. वही कोंबड्यांच्या खुराड्याखाली पुरलीय. म्हातारा जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. म्हणाला, "लिंदा, ही वही म्हणजे आख्ख्या गावाची यादी आहे. हीच तर ते शोधताहेत. आणि तुझा भाऊ तिकडे बसून पान मागतो? इंग्रजांना पान कशाला हवंय? खेचर मेलं ते सांगितलं नाही का त्याने?"

मी त्यांचे पाय धरले, बेतो. नवरा गेला तेव्हासुद्धा मी कुणाचे पाय धरले नव्हते. शेवटी त्यांनी कात्रीने पान कापून दिलं आणि म्हणाले, "आता माझ्या घरी येऊ नकोस."

त्या पानावर ओविदियो एकटा नाही. बारा नावं आहेत. वय, बापाचं नाव, घर, आळी, सगळं. अकरा जणं अजून गावात आहेत. खासिन्ताचा पोरगा आहे, ज्याला मी माझं दूध पाजलं होतं. बेकरीवाल्याचे जुळे आहेत. तोमासाचा धाकटा आहे, आणि तोमासाच ते पान घेऊन येतेय. तिला पान आहे एवढंच ठाऊक आहे, कोणतं ते मी सांगितलेलं नाही. दोन नाक्यांवर सैनिक टोपल्या उपसतात. आज सकाळपासून मी एकच जपतेय की तिचं चीज कुणी कापू नये.

कासिमिरोंचं एक वाक्य डोक्यातून जात नाही. अर्ज का फेटाळला? नुसते कागद कमी म्हणून? तू काय लिहिलंस, बेतो?

लिंदा


बेलीझ, ९ एप्रिल

ताई,

पान पोचलं. तोमासा सुखरूप आहे.

तू विचारलंस म्हणून लिहितो. खरं तर आधीच लिहायला हवं होतं, पण हिंमत झाली नाही.

कागद कमी पडले नव्हते. इथला रेडिओ रोज सकाळ-संध्याकाळ सांगतो की सीमेपलीकडे इन्सर्जंटांनी पूल उडवला, इन्सर्जंटांनी ठाणं जाळलं. तुमच्या डोंगरातल्या बंदूकवाल्यांना इथे तेच म्हणतात. मी रोज तो रेडिओ ऐकतो. ऐकत ऐकतच मी ओविदियोच्या अर्जात सोळा वेळा तो शब्द लिहिला. 'मी इन्सर्जंट पक्षाचा चिटणीस आहे.' 'माझे वडील आणि आजोबाही इन्सर्जंट होते.' आणि खाली माझी सही, शपथेवर.

निकालात एकच ओळ आहे. अर्जदार सशस्त्र गटाचा पदाधिकारी असल्याचे स्वतःच कबूल करतो, सबब आसरा देता येत नाही.

पोराने सांगितलं होतं गं. नाव राहू द्या म्हणाला होता. मी माझा नियम घेऊन बसलो. मला खेचर ठाऊक होतं, बँड ठाऊक होता, तमाल्यांचा वाससुद्धा आठवत होता. पण समितीने म्हणावं की या माणसाचं इंग्रजी कसं चोख आहे, त्याची हौस होती मला. निकाल हातात पडल्यावर ओविदियो माझ्यावर ओरडला नाही. "आईला सांगू नका," एवढंच म्हणाला.

आता मी भाषांतर मागे घेतो म्हटलं तर कारकून म्हणतो, "साहेब, तेव्हा शपथेवर एक बोललात, आता शपथेवर दुसरं. तुमच्या कुठल्या शपथेला धरायचं?" कागदाशिवाय माझा शब्द कवडीमोल आहे.

कागद आता टेबलावर पडलाय. बारा नावं. ते दाखवलं तर समितीला पटेल, मला खात्री आहे. दहा दिवसांचं पोर काय बंदूक धरणार? पण नाही पटलं तर? इथल्या नियमाने माणसाबरोबर त्याची फाइलही पुलापलीकडे देतात. सगळ्या कागदांसकट. मग ते पान सैनिकांच्या हातात.

नावं कापून दिली तर खाडाखोड केलेला कागद म्हणून फेकून देतील, तेही विचारून पाहिलं.

मी काय करू? मला काही सुचत नाही. तू सांगशील ते करतो.

बेतो


सान ओनोफ्रे, १५ एप्रिल

बेतो,

तुझं पत्र वाचून तुला काय काय म्हटलं ते कागदावर लिहिण्याजोगं नाही. आईच्या पोटी तुझ्याऐवजी दगड आला असता तर निदान त्याच्यावर कपडे तरी आपटता आले असते. वाचून झाल्यावर जाळलं. मग वाटलं, ओविदियो 'आईला सांगू नका' म्हणाला ती ओळ तरी ठेवायला हवी होती.

शनिवारी कासिमिरोंना नेलं. पानाचा संबंध नाही, विहिरीतला ढोल वर आला म्हणून नेलं. वही अजून खुराड्याखालीच आहे. म्हातारा काही बोलला असता तर आत्तापर्यंत ते आमच्या दारात असते. म्हणजे तो बोललेला नाही. यापुढचा विचार मी करत नाही.

मी खासिन्ताकडे गेले. पानाबद्दल विचारायचं म्हणून गेले होते. ती पोराच्या पॅन्टला ठिगळ लावत होती. म्हणाली, "बैस गं, कॉफी घे. ओविदियोची काही खबर?" मी कॉफी प्यायले आणि परत आले. कुठल्या तोंडाने विचारू? तोमासाला तर रोज पाहते. ती मला विचारते, "लिंदा, तुझं काम झालं का?"

पान समितीला दाखवायचं नाही. ऐकलंस? मी ओविदियोची आई आहे आणि मी सांगतेय, दाखवायचं नाही. उद्या कदाचित मी उलटं लिहीन, म्हणून आजच तोमासाच्या हाती देतेय. पान जाळ.

आता एक गोष्ट. तू बावन्न साली बोटीत बसलास तेव्हा आईने तुझ्या पेटीच्या तळाशी तुझी बारशाची चिठ्ठी ठेवली होती. पिवळ्या फितीत बांधून, शिक्क्यासकट. मी तिथेच उभी होते. तिच्यावर पक्षाचं नाव आहे, तुझं वय आहे, आणि तुझ्याशिवाय कुणाचंही नाव नाही.

तू कोंबड्यांखालची वही मागितलीस तेव्हा ही चिठ्ठी तुला आठवली नाही, असं मी धरून चालते. तिथे राहायच्या परवान्यासाठी तू काय काय लिहून दिलं असशील, तेही मला कळतं. मी काही अगदीच खुळी नाही.

मी तुला काही सांगत नाही. एक गेला तर दुसरा राहील असा हिशेब कुठली बहीण करेल? चिठ्ठी तुझ्या पेटीत आहे, एवढंच लिहिते.

लिंदा


बेलीझ, २३ एप्रिल

ताई,

आधी तुला हवं ते. ओविदियो सुटला. त्याला राहायचा कागद मिळाला. आत्ता माझ्या समोर बसून तुझा चीजपाव खातोय, नवा, तोमासाने आणलेला. मलाही अर्धा दिला.

पान जाळलं. त्याने आणि मी मिळून.

आता काल काय झालं ते. मी उभा राहिलो आणि म्हणालो, माझं भाषांतर चुकीचं होतं, ते एका पक्षाचं नाव आहे, नाव म्हणूनच लिहायला हवं होतं. मिसेस लिझमोरबाईंनी कारकुनासारखंच विचारलं, "मिस्टर अडाल्बेर्तो, यातली खोटी शपथ कुठली?"

मी चिठ्ठी टेबलावर ठेवली. फितीसकट.

त्यांनी चष्मा लावला. समितीतल्या एकाला थोडी आपली भाषा येते, त्याने मोठ्याने वाचलं. 'पार्तीदो इन्सुरेक्तो. अडाल्बेर्तो. वय नऊ दिवस.' बाई म्हणाल्या, "नऊ दिवसांचं बाळ बंडखोर?"

"आमच्या गावात सगळीच बाळं असतात, बाई. ढेकर काढायच्या आधी फीत बांधतात."

मग मी त्यांना खेचर सांगितलं. बँड सांगितला. भाषण संपायच्या आत म्हातारे कसे झोपतात ते सांगितलं. एकजण हसला. मग बाईसुद्धा हसल्या. एवढं चांगलं हसू मी त्या इमारतीत कधी ऐकलं नव्हतं. अर्ध्या तासात निकाल झाला. निकालपत्रात त्यांनी पक्षाचं नाव आपल्या भाषेतच टाइप केलंय, एक अक्षरही न बदलता. ओविदियोने ते मला बोट ठेवून दाखवलं.

त्यानंतर कारकून माझी फाइल घेऊन आला. इथे राहायचा परवाना दरवर्षी नवा करावा लागतो, आणि दरवर्षी एक प्रश्न असतो, कुठल्या परदेशी पक्षाचे सभासद आहात का? तीस अर्ज. तीस वेळा मी लिहिलंय, नाही. माझ्याच सुरेख अक्षरात. भीतीपोटी लिहिलं होतं, आणि तीच भीती मनात ठेवून मी तुला खुराड्याकडे पाठवलं. चिठ्ठी मला आठवत होती, ताई. पहिल्या दिवसापासून आठवत होती. तू धरून चाललीस ते खोटं आहे.

लिझमोरबाईंना वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण कायदा तो कायदा. परवाना रद्द झाला. मंगळवारी दुपारी मला पुलावर नेतील. फाइल बरोबर जाईल, चिठ्ठीसकट. ओविदियो सकाळपासून माझ्यासाठी अर्ज लिहितोय, त्याच्या मोडक्या इंग्रजीत. मी चुका सुधारत नाहीये. लिहून लिहून त्याचा वेळ तरी जातोय.

तोमासा उद्या निघेल, म्हणजे सोमवारी हे तुझ्या हातात असेल. तुला मी ओळखतो. वाचलंस की शाल घेऊन पुलाकडे यायला निघशील. येऊ नकोस. घ्यायला कोण येतं, कोण रडतं, ते सैनिक बघून ठेवतात. ओविदियो अजून तुझाच मुलगा आहे आणि त्याला आई हवी आहे.

तुझ्या दारात येऊन त्यांनी माझं नाव घेतलं, तर हातातलं काम सोडू नकोस. म्हण, हो, एक भाऊ होता, तीस वर्षांपूर्वी इंग्रजांच्या मुलखात गेला, परत आलाच नाही.

बेतो